श्यामसुंदररावांचे सहा प्रश्न

श्यामसुंदर खांबेटे यांनी तेहतीस वर्षं अनोळखी माणसांना प्रश्न विचारले आणि त्याबद्दल सरकारने त्यांना पगार दिला. ते केंद्र सरकारच्या नमुना पाहणीच्या कामावर होते. यादीत ज्या घराचा नंबर येईल तिथे जायचं, ओसरीवर किंवा जिन्यात बसायचं, आणि गेल्या तीस दिवसांत घरात तांदूळ किती लागला, चपला कधी घेतल्या, आजारी कोण पडलं, हे विचारून छापील तक्ता भरायचा. मूळचे ते अकोल्याचे. नागपुरात काही वर्षं काढल्यावर कोलकात्याला बदली झाली आणि ते इथलेच झाले. महाराष्ट्रात परत जायची संधी दोनदा आली, पण दोन्ही वेळा त्यांनी अर्जच केला नाही. पत्नीने, शकुनताईंनी, कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "आत्ता कुठे बंगाली जिभेवर बसायला लागली आहे. आता गेलो तर सगळी मेहनत पाण्यात."

निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली. ढाकुरिया स्टेशनपासून पाच मिनिटांवर, पाचव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. मुलगा उन्मेष सॉल्ट लेकमधल्या एका आयटी कंपनीत आहे. सून आभा नाशिकची, कापडाचं डिझाइन शिकलेली. चार वर्षांपूर्वी तिने त्याच लोकलच्या मार्गावर, गडियाला, दोन खोल्या घेतल्या, सहा शिवणाऱ्या बायका नेमल्या आणि नोकरदार बायकांसाठी कुर्ते करायला सुरुवात केली. नर्सेस, शाळेतल्या बाई, दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली अशी तिची गिऱ्हाइकं. प्रत्येक कुर्त्याला दोन खोल, भक्कम खिसे. एका खिशात फोन, ट्रेनचा पास आणि रुमाल एकदम मावावा असा तिचा हिशोब होता. बायकांच्या कपड्यांना खिसा नसतो याचा तिला कॉलेजपासून राग होता, आणि तो राग बराच खपला.

पण एकदा कुर्ता घेतलेली बाई दुसऱ्यांदा येत नव्हती. तक्रार करायची नाही, कुर्ता परत पाठवायची नाही. भेटली तर "दारुण आहे हो" म्हणून, म्हणजे बंगालीत 'फारच छान' म्हणून, कौतुक करायची. आणि पुन्हा मागवायची नाही.

"नाराज असत्या तर बरं झालं असतं," आभा एकदा संध्याकाळच्या चहाला म्हणाली. "नाराजीवर काही उपाय करता येतो. या कौतुकाचं मी काय करू?"

"सर्व्हे कर," उन्मेष म्हणाला. "ऑनलाइन. आजकाल सगळे तसंच करतात."

करायचा तर कशावर, हा प्रश्न आला. उन्मेषने दोन दिवस बसून एक तक्ता तयार केला. सात वेगवेगळी टूल्स, बावीस निकष. किती प्रश्न विचारता येतात, आलेखांचे प्रकार किती, फोनवर चालतं का, आपला लोगो लावता येतो का, एका उत्तरावरून दुसऱ्या प्रश्नावर उडी मारता येते का, असं बरंच काही. जे निकष आपल्या कामाचे नाहीत असं त्याला वाटलं ते त्याने राखाडी करून टाकले. सातातली चार पहिल्याच फेरीत गळाली. उरलेल्या तिघांची परदेशी नावं शकुनताईंच्या जिभेवर बसेनात, म्हणून घरात त्यांना चिन्हाच्या रंगावरून निळं, केशरी आणि हिरवं म्हणू लागले.

निळं सर्वांत देखणं होतं. प्रश्न हळूच वर सरकत, उत्तर दिलं की छोटासा चेहरा हसे. आभाला ते पाहताक्षणी आवडलं. पंधरा दिवस फुकट वापरून पाहायची सोय होती. तिने चोवीस प्रश्नांचा सर्व्हे तयार केला, बंगालीत करून घेतला, आणि रविवारी नाश्त्याला लॅपटॉप टेबलावर ठेवून सगळ्यांना दाखवला. श्यामसुंदररावांनी पोह्यांची ताटली बाजूला सारून चष्मा लावला. पहिलाच प्रश्न होता: आमच्या आरामदायी, टिकाऊ कुर्त्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? खाली पाच तारे.

"याचं उत्तर तू आधीच लिहून टाकलं आहेस की," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आरामदायी आहे, टिकाऊ आहे, असं तूच म्हणते आहेस. आता समोरची बाई तुला नाही कशाला म्हणेल? भली बाई असेल तर पाच तारे देईल."

आभाने लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला. उन्मेष मध्ये पडला. "बाबा, हा सरकारी फॉर्म नाहीये. असे सर्व्हे सगळीकडे असेच असतात."

"असतील," श्यामसुंदरराव म्हणाले आणि पोहे संपवले. पण दुपारी त्यांनी जुनी निळी डायरी काढली आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या रेखीव अक्षरात एक प्रश्नावली तयार झाली. त्यात एक्केचाळीस प्रश्न होते. कुटुंबात माणसं किती, त्यांतली कमावती किती, घरात कपडे कोण विकत घेतं, गेल्या बारा महिन्यांत एकूण किती कपडे घेतले. त्यांनी ती आभापुढे ठेवली.

आभाने ती शेवटपर्यंत वाचली, आणि वाचता वाचता तिचा सकाळचा राग गेला. "बाबा," ती हसू आवरत म्हणाली, "तुमच्या लोकांना पर्याय नव्हता. तुम्ही त्यांच्या ओसरीवर बसलेले असायचात. ते उठून कुठे जाणार? माझ्या बायका एका बोटाने सगळं बंद करून टाकतील."

हे श्यामसुंदररावांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ते थोडे वरमले. ओसरीवर बसलेल्या माणसाला लोक चहा देतात, पंखा त्याच्या बाजूला फिरवतात, आणि त्याचा कागद भरेपर्यंत थांबतात. फोनमधल्या माणसाला कुणी चहा देत नाही.

"मग ती फोन कुठे उघडणार ते पाहायला हवं," ते म्हणाले. "कोणतं टूल घ्यायचं ते या खोलीत बसून नाही कळायचं. तुझी एखादी गिऱ्हाईक दे मला. आणि तेच प्रश्न तिन्हींवर घालून तिघांचे दुवे दे."

आभाने सुतपाला विचारलं. सुतपा सियालदहजवळच्या एका नर्सिंग होममध्ये नर्स होती, रोज सोनारपूरहून ये-जा करायची. ती हो म्हणाली, फक्त पाच चाळीसच्या गाडीआधी जे काय असेल ते, अशी तिची अट होती. श्यामसुंदरराव एकटेच निघाले होते, पण शकुनताई चप्पल घालून दाराशी उभ्या राहिल्या. "सत्तरीला टेकलेला माणूस फलाटावर बायकांना फोन दाखवत फिरतो आहे, हे काही बरं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मी येते."

सियालदहच्या दक्षिणेकडच्या फलाटावर सुतपा त्यांना घड्याळाखाली भेटली. चाळिशीची, शिडशिडीत बाई. डाव्या खांद्यावर पिशवी, हातात डबा, त्यामुळे फोनसाठी एकच हात मोकळा. श्यामसुंदररावांनी तिला काहीच समजावलं नाही. तिघांचे दुवे तिच्या फोनवर पाठवले आणि म्हणाले, "मी इथे नाही असं समजून उघडा."

तिने निळं उघडलं. वर एक सुंदर चित्र यायला लागलं आणि येतच राहिलं. श्यामसुंदररावांनी मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजले. मग प्रश्नाच्या आधी ईमेल विचारणारी चौकट आली. सुतपा म्हणाली, "ईमेल मुलीच्या फोनवर आहे," आणि तिने ते बंद केलं. केशरी लवकर उघडलं. पण त्याची अक्षरं जरा जास्तच नटलेली होती, आणि तिच्या जुन्या फोनवर बंगाली जोडाक्षरं फुटून वेगळी झाली. 'प्रश्न' हा शब्दच तीन तुकड्यांत आला. ती हसली. "हे माझ्या पेशंटांसारखं आहे, सगळीकडे फ्रॅक्चर."

हिरवं दिसायला अगदीच रुक्ष होतं. पांढरं पान, काळी अक्षरं, रेशनच्या कार्यालयातल्या अर्जासारखं. पण ते लगेच उघडलं. सुतपा चार-पाच प्रश्न पुढे गेली असेल तोवर गाडी आली. तिने फोन थेट पिशवीत टाकला आणि बायकांच्या डब्याकडे धावली. श्यामसुंदररावांच्या मागे शकुनताई दुसऱ्या डब्यात चढल्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "अर्धवटच राहिलं तिचं."

"तेच पाहायचं आहे," श्यामसुंदरराव म्हणाले.

ढाकुरियाला उतरून, कोपऱ्यावरून पेरू घेऊन ते घरी पोचले, तर आभा दारातच उभी होती. "आलं उत्तर," ती म्हणाली. "हिरव्यावर. जिथे सोडलं होतं तिथूनच तिने पुढे सुरू केलं. गडिया सोडताना पाठवलंय, तसं तीच म्हणते आहे."

म्हणते आहे म्हणजे खरोखर बोलली होती. हिरव्या टूलमध्ये उत्तर लिहायच्या ऐवजी बोलायचीही सोय होती. उन्मेषच्या तक्त्यात तो एकोणिसावा निकष होता आणि त्याने तो राखाडी केला होता. आता सगळे टेबलाभोवती बसले आणि आभाने ती ध्वनिफीत लावली. गाडीच्या खडखडाटात सुतपाचा आवाज आला. श्यामसुंदरराव एकेक वाक्य मराठीत सांगत गेले, कारण आभाचं बंगाली अजून कामापुरतंच होतं. सुतपा म्हणत होती, दीदी, किती तारे घातलेत हो. शेवटी मी सगळ्यांना पाच पाच देऊन टाकले. एका हाताने फोन धरला की पाचवा तारा अंगठ्याच्या अगदी जवळ येतो.

उन्मेष खळखळून हसला. आभा हसली नाही. तिने लॅपटॉप जवळ ओढला आणि तारे असलेले सगळे प्रश्न एकामागून एक पुसून टाकले. मग तिने निळ्याचं खातं बंद केलं. "देखणं होतं मात्र," ती म्हणाली. बस, तेवढंच.

पुढचे चार दिवस सासरा आणि सून रोज संध्याकाळी एक तास बसले. आभाची अट होती की प्रश्न सहाच्या वर जाता कामा नयेत आणि दोन स्टेशनांच्या मध्ये संपले पाहिजेत. श्यामसुंदररावांची अट होती की एकाही प्रश्नात मत विचारायचं नाही.

"मत नाही विचारलं तर कळणार काय?" आभाने विचारलं.

तेव्हा त्यांनी तिला शांतीपूरची गोष्ट सांगितली. विणकरांच्या गल्लीत एका बाईला त्यांनी विचारलं होतं, तुम्ही काम करता का? ती म्हणाली, किछु ना, काही नाही, मी घरीच असते. तक्त्यात ते 'घरकाम' असं लिहिणार होते, पण त्यांचं तिच्या हाताकडे लक्ष गेलं. बोलता बोलता ती कांडीवर सूत गुंडाळत होती. त्यांनी प्रश्न बदलला. म्हणाले, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा. बाईने सांगितलं, आणि तिच्या कामाचे नऊ तास निघाले. "ती खोटं बोलत नव्हती," श्यामसुंदरराव म्हणाले. "मीच प्रश्न चुकीचा विचारला होता. तेव्हापासून मी कुणाला 'कसं वाटतं' विचारत नाही. 'काल काय केलंत' विचारतो."

असे सहा प्रश्न ठरले. तुम्ही कुठून कुठे कामाला जाता. काल कामाला जाताना काय घातलं होतंत. तेच का काढलंत. आमचा कुर्ता शेवटचा कधी घातलात. खिशात काय काय ठेवता. आणि शेवटी, आणखी काही सांगायचं असेल तर बोला. दुसऱ्या प्रश्नावर आभाने बराच वाद घातला, त्यात कुर्त्याचं नावच नाही म्हणून. शेवटी म्हणाली, "ठीक आहे बाबा, तो तुमच्यासाठी." कधी पाठवायचं हे मात्र तिने ठरवलं. श्यामसुंदररावांना सकाळची वेळ योग्य वाटत होती. ती म्हणाली, सकाळी गाडीत उभं राहायलाही जागा नसते, शनिवारी दुपारी बसायला मिळतं.

शनिवारी तीन वाजता हिरव्यावरून अकराशे बायकांना सर्व्हे गेला. पहिल्या तासात सात उत्तरं आली. आभाने खोलीत फेऱ्या मारायला सुरुवात केली. साडेचार वाजता उत्तरं साठ झाली, आणि निम्म्याहून अधिक बायका बोलल्या होत्या. मागे फेरीवाल्यांच्या हाका, मुलांचं रडणं, कुठे कुकरची शिट्टी. श्यामसुंदरराव कानाला हेडफोन लावून बसले. सुरुवातीला ते प्रत्येक उत्तर मराठीत सांगत होते. मग त्यांनी सांगायचं थांबवलं.

"काय झालं?" आभाने विचारलं.

"एक शब्द सारखा येतो आहे. शुकोय नि."

"वाळला नाही?"

"हो. तू तुझा दुसरा प्रश्न ऐक."

"तुमचा," आभा म्हणाली आणि हेडफोन घेतले.

काल काय घातलं होतंत, या प्रश्नाला बाई सांगत होती की जुना पिवळा सलवार-कुर्ता. तोच का, तर दीदींचा कुर्ता वाळला नव्हता म्हणून. दुसरी म्हणत होती, कुर्ता वाळतो हो, पण खिसे ओले राहतात, एकदा फोन ठेवला तर पडद्याच्या आत धुकं आलं. तिसरी म्हणत होती की आता ती तो कुर्ता फक्त रविवारी घालते, कारण शनिवारी धुतला तर वाळायला वेळ मिळतो. कुणीही तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. कोलकात्याच्या भाद्रपदात कपडे वाळत नाहीत, यात दीदींचा काय दोष, असाच सगळ्यांचा सूर होता. शकुनताईंनी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने रेघा मारायला घेतल्या आणि अंधार पडेपर्यंत तो कागद भरत आला.

आभाचे खिसे दुहेरी जाड कापडाचे होते. भक्कम असावेत म्हणून तिने ते मुद्दाम तसे केले होते. तिच्या घरी मशीन होतं, ते कपडे पिळून निम्मे वाळवूनच बाहेर टाकायचं, आणि पाचव्या मजल्याच्या गॅलरीत वारा होता. तिला हे कधी दिसायचं कारणच नव्हतं. शकुनताईंनी कपाटातून एक कुर्ता काढला, बादलीत हाताने धुतला आणि बाथरूममधल्या दोरीवर घातला. सकाळी त्यांनी तो आभाच्या हातात दिला. कुर्ता कोरडा होता. खिसे गार आणि ओले.

"आई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी साडी नेसते," शकुनताई म्हणाल्या. "मला कुणी विचारलंही नाही."

पुढचे आठ दिवस गडियाच्या खोल्यांत दुसरं काही झालं नाही. आभाने एस्प्लनेडच्या बाजारात जाऊन पाच प्रकारचं पातळ कापड आणलं. कारागीर बायकांनी नमुने शिवले, भिजवले, खोलीत दोरी बांधून वाळत घातले आणि दर तासाला हात लावून पाहिले. शेवटी एकेरी मलमल ठरली, कडेला मजबूत पट्टी लावून. फोनचं वजन पेलतं का हे पाहायला त्यातल्या एकीने खिशात वाटाण्याचं किलोभर पाकीट घालून दिवसभर काम केलं. खिसा उसवला नाही.

तोवर तीनशे बारा उत्तरं आली होती. आभा नवीन कुर्त्याची जाहिरात लिहायला बसली, तेव्हा श्यामसुंदरराव म्हणाले, "आधी त्यांना कळवायला हवं."

"कुणाला?"

"ज्यांनी उत्तरं दिली त्यांना." ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "मी हजारो घरांत गेलो, आभा. प्रत्येक घरात कुणीतरी निघताना विचारायचं, बाबू, याचं पुढे काय होणार? मी सांगायचो, दिल्लीला जाईल. पुढे काय झालं ते मलाही कधी कळलं नाही. रस्ता झाला असेल, रेशन वाढलं असेल, किंवा काहीच झालं नसेल. परत जाऊन एकाही माणसाला मी सांगू शकलो नाही की बाई, तुम्ही हे सांगितलंत, म्हणून हे झालं." त्यांनी चष्मा पुसला. "इथे सांगता येईल."

आभाने जाहिरात बाजूला ठेवली. "मग तुम्हीच बोला," ती म्हणाली.

त्यांनी तीनदा रेकॉर्ड केलं. पहिल्यांदा त्यांचा सरकारी आवाज लागला, दुसऱ्यांदा शकुनताईंना खोकला आला. तिसऱ्यांदा ते सरळ बोलले. मी आभाचा सासरा. तुम्ही सांगितलंत की खिसे वाळत नाहीत. आम्हाला हे माहीत नव्हतं. आता खिसे पातळ मलमलचे केले आहेत, रात्री धुतलेत तर सकाळी वाळतील. जुना कुर्ता गडियाला आणून दिलात तर त्याचेही खिसे बदलून देऊ. तुमचे आभार.

निरोप गेला त्या दुपारी आभाचा फोन तापला. बायका नुसतं 'ठीक आहे' म्हणत नव्हत्या, बोलत होत्या. एकीने आभाच्या सासऱ्यांची विचारपूस केली. एकीने विचारलं, आजोबा रोज बोलतील का. सुतपा दुसऱ्या शनिवारी स्वतः गडियाला उतरली, जुना कुर्ता दिला आणि नवे दोन घेऊन गेली, एक निळा आणि एक काळपट हिरवा. दुर्गापूजेच्या आधी शिवणाऱ्या सहाजणींच्या नऊ झाल्या.

श्यामसुंदरराव आता मंगळवारी आणि शुक्रवारी गडियाला जातात. खिडकीजवळ त्यांना एक खुर्ची दिली आहे. तिथे बसून ते आलेल्या बोलक्या उत्तरांना उत्तरं देतात, आणि पुढचे सहा प्रश्न तयार करतात. आभा त्यांतले दोन हमखास खोडते. गेल्या शुक्रवारी कॅनिंगच्या बाजूच्या एका शाळेतल्या बाईंनी कळवलं की कुर्त्याचं ठीक झालं, आता पायजम्याचं कधी विचारणार, त्याबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे. श्यामसुंदररावांनी ते दोनदा ऐकलं, आभाला हाक मारली, आणि डायरीचं नवीन पान काढलं.